आत्याबाई, मैना त्याच्यासोबत गेली होती

देऊळघाट

प्रिय आत्याबाई,

सप्रेम जयभीम.

तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही. एका छताखाली एकतीस वर्षं काढली, पत्र कुठून लिहिणार? आणि समजा लिहिलं असतं, तर वाचून दाखवायला तुम्ही मलाच हाक मारली असती! "शोभे, पाह्य व, कोणाचं पत्र आलं?" मग मी माझंच पत्र तुम्हाला वाचून दाखवलं असतं, आणि माझ्या जुन्या खोडीप्रमाणे त्यातही काहीतरी बदललं असतं.

हसू नका. त्या खोडीबद्दलच आज लिहायला बसले आहे.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, खुर्च्या गेल्या. त्या दिवशी जेवणं उरकल्यावर तुमच्या कमलनं मला मागच्या अंगणात नेलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. नणंद कसली, बहीणच ती माझी, पण चोवीस वर्षं पोटात ठेवलेलं तिनं त्या दिवशी ओकून टाकलं. आणि येत्या रविवारी आपल्याच घरी, कमलच्या प्रज्ञाचं पुढे काय करायचं ते ठरणार आहे. त्याच्या आत मला तुमच्याशी बोलायलाच हवं. अंगणवाडी सुटली, मुलं खिचडी खाऊन घरी गेली. मी इथेच चटईवर बसून लिहिते आहे.

कुठून सुरू करू? तुमचा गौतम कावीळ होऊन आठ दिवसांत गेला, तिथूनच करते. पंचविसाव्या वर्षी मी विधवा झाले, पदरात तीन वर्षांचा निखिल. माझे भाऊ मला माहेरी सोनाळ्याला न्यायला आले होते, बॅग भरून तयार होती. तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात. "माहा लेक तर गेलाच, आता लेक बी नेता का?" म्हणालात. भावांनी बॅग खाली ठेवली. मला कोणी विचारलं नाही की तुला कुठे राहायचं आहे. पण विचारलं असतं तरी मी तुमच्याकडेच बोट दाखवलं असतं, हे तुम्हालाही माहीत होतं.

मग ती मिरची आली आपल्या घरात. बुलढाण्याच्या व्यापाऱ्याकडून वाळलेल्या लाल मिरचीची पोती यायची, देठ मोडून परत द्यायची. पहिल्या दिवशी मी टोपली पुढे ओढली तशी तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत.

"दहावी झालेली सून काय देठ मोडायले आणली का मी? तू वाच, मी मोडतो."

"काय वाचू?"

"काई बी वाच. दुपार लय लांब हाये."

काय बाई होतात तुम्ही! अक्षर एक येत नव्हतं, पण गोष्टीची भूक केवढी! बुलढाण्याच्या वाचनालयातून मी पुस्तकं आणायची. तुमची एकच अट असायची, पुस्तक जाड पाहिजे. बारीक पुस्तक आणलं की तुम्ही ते हातात तोलून बघायच्या आणि म्हणायच्या, "हे तं दोन पोत्यात संपन." आपल्या घरात पुस्तकं पानांवर नाही, पोत्यांवर मोजली जायची. तुम्ही देठ मोडत हुंकार द्यायच्या, मी वाचायची, आणि मधेमधे दोघी इतक्या शिंकायचो की शेजारची जिजाबाई विचारायची, आज कोणत्या लढाईवर आहात?

आणि मग ते पुस्तक आलं. पुठ्ठा गेलेला, पहिली चार पानं गेलेली, त्यामुळे नाव आणि लिहिणारा कोण ते आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. गोष्ट जुन्या काळची, घोडदळाची. मैनावती नावाच्या बाईचा नवरा शिलेदार, तो उत्तरेच्या मोहिमेवर पडतो. ही बातमी घेऊन येतो रायाजी नावाचा जासूद. बातमी देतो, आणि मग दरवर्षी त्या वाटेनं जाताना तिच्या दारी पाणी प्यायला थांबतो. एवढंच. पाणी पितो आणि जातो. सहा वर्षं! तुम्ही म्हणायच्या, "हा बाबा पाणी पिऊ पिऊच म्हातारा होणार हाये!"

आपण दोघी त्या दोघांच्या मागे वेड्या झालो होतो, खरं ना? स्वयंपाक करताना सुद्धा तुम्ही मधेच म्हणायच्या, "शोभे, त्यानं घोडं विकलं असंन काय व?"

आणि तिसरा एक ऐकणारा होता. विलास.

मिरचीची पोती टेम्पोतून घरोघर पोचवायचं आणि न्यायचं काम त्याचं. तुमच्या मावसबहिणीच्या दिराचा मुलगा, धाड गावाकडचा. त्याची बायको लग्नानंतर वर्षभरातच वारली होती. तो यायचा, काटा लावायचा, वजन करायचा, आणि मग पोत्यावर टेकून उगाच बसून राहायचा. "मावशी, काल कुठपर्यंत आलं?" तुम्ही त्याला मागचं सांगायच्या, सगळं उलटसुलट, आणि मी दुरुस्त करायची. सुरुवातीला तो पाच मिनिटं थांबायचा. मग पंधरा. मग त्याला आपल्या गल्लीत पोती पोचवायला सगळ्यात शेवटी यायची सवय लागली, म्हणजे पुढे कुठे जायची घाई नको.

एकदा मी वाचत असताना मला ठसका लागला. तो उठला, आपल्या माठातून पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. आणि म्हणाला, "आज रायाजीनंच पाणी आणलं." तुम्ही खो खो हसलात. मी पेला घेतला आणि पुस्तकात तोंड घातलं. सगळ्यांदेखत मी त्याला विलासभाऊ म्हणत होते. मनातल्या मनात त्यातलं भाऊ केव्हाच गळालं होतं.

त्याच्या मनातलं तुम्हाला ठाऊक होतं, हे मला पुण्यानुमोदनाच्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

आता माझा गुन्हा सांगते.

शेवटची वीसेक पानं राहिली होती. माझ्यानं धीर धरवला नाही. तेव्हा मला अंगणवाडीची नोकरी नुकतीच लागली होती; मी पुस्तक तिथे घेऊन गेले आणि मुलं झोपलेली असताना शेवट वाचून काढला. आत्याबाई, मैना त्याच्यासोबत जाते! रायाजी शेवटी विचारतो, पाणी पिऊन झाल्यावर, पेला खाली ठेवता ठेवता. ती चार दिवसांची मुदत मागते, आणि पाचव्या दिवशी पहाटे आपलं गाठोडं घेऊन नदीच्या उतारावर जाऊन उभी राहते. तो तिला घोड्यावर बसवतो आणि स्वतः लगाम धरून पाण्यातून चालत जातो. पलीकडच्या गावात त्यांचा संसार होतो, मुलगी होते. मी इतकी खूश झाले की झोपलेल्या एका पोरीचा मुकाच घेतला. ती दचकून उठली आणि भोकाड पसरलं.

आणि घरी येता येता मनात आलं. हे मी तुमच्यासमोर वाचणार कसं? ज्या भिंतीला टेकून मी वाचते त्याच भिंतीवर तुमच्या गौतमचा फोटो आहे. मी वाचणार, मैना दुसऱ्याबरोबर निघाली, आणि तुम्ही वर फोटोकडे बघणार. तुम्हाला वाटेल, ही पुस्तकातलं नाही, आपल्या मनातलं वाचते आहे. आणि ते खरंच असेल! तुम्ही मला दारात अडवून लेक म्हणालात, आणि मी तुमच्या लेकाच्या फोटोखाली बसून असलं काही वाचू?

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही टोपली घेऊन बसलात. "आज संपव व बाप्पा. माहा जीव टांगून राह्यला." मी वाचायला लागले. रायाजीनं पेला खाली ठेवला, तिथपर्यंत जसं होतं तसं वाचलं. पुढचं पान उलटलं. पानावर मैना गाठोडं बांधत होती. आणि मी, तोंड वर न करता, वाचलं:

"मैनावती म्हणाली, रायाजी, माघारी जा. या उंबऱ्याच्या आत जी बाई आहे ती त्यांचीच आहे. पुन्हा या वाटेला येऊ नका. आणि तिनं दार लावून घेतलं."

कुठून सुचलं कोण जाणे! शाळेत मला साधा निबंध धड लिहिता आला नव्हता. पण त्या दिवशी एकदा अडखळले नाही. पुस्तकातल्यासारखंच पुस्तकी बोलले. रायाजी परत जाताना मागे वळून बघतो, तेही घातलं. मैना म्हातारी होईपर्यंत त्या घरात एकटी राहते, तेही घातलं. आणि पुस्तक मिटलं.

मग मला रडू फुटलं. असं रडू की मला आवरेना. गौतम गेला तेव्हाही मी तशी रडले नव्हते. तुम्ही टोपली बाजूला सारलीत. हाताला मिरची लागलेली, म्हणून मनगटानं आणि पदरानं माझे डोळे पुसलेत. "रडू नको माय. नाई जात ते. नाई जात. राहू दे." असं काहीतरी म्हणत राहिलात. मला वाटलं, तुम्ही मैनेबद्दल बोलता आहात.

आत्याबाई, मी गौतमसाठी रडत नव्हते. विलासला मी माझ्याच तोंडानं माघारी पाठवलं होतं, म्हणून रडत होते.

आठेक दिवसांनी तो आला. मी आत भाकरी थापत होते. बाहेर त्यानं विचारलेलं मला ऐकू आलं, "मावशी, काय झालं मंग शेवटी?" नेहमीपेक्षा हळू विचारलं त्यानं. तुम्ही म्हणालात, "नाई म्हणाली बाप्पा थे. तशीच राह्यली."

"काऊन?"

"तिचं मन नाई झालं."

"बरं," तो म्हणाला. त्यानं पोतं उचललं. काटा लावलाच नाही, वजन न करताच गेला. मी मनात म्हटलं, चला, सुटले, माझी बनवाबनवी कोणाला कळली नाही! तव्यावरची भाकरी सुद्धा करपली नव्हती, इतकी मी निवांत होते. काय म्हणावं अशा बाईला?

त्यानंतर पोती घ्यायला दुसराच माणूस यायला लागला. वैशाखात विलासचं लग्न झालं, मोताळ्याच्या सुनीताशी. आपण दोघी गेलो होतो. मी पंगतीत वरण वाढलं. सुनीताच्या पानात वाढलं, विलासच्या पानात वाढलं. त्यानं "बस बस" म्हणून हात आडवा धरला. तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात, पोट बरं नाही म्हणालात. मला वाटलं, उन्हाचा त्रास असेल.

आता कमलनं सांगितलेली पहिली गोष्ट ऐका. तुम्हाला ती माहीतच आहे, तरी माझ्या तोंडून ऐका. विलासनं तुमच्याकडे मला मागितलं होतं. निखिलसकट. पुस्तक अर्ध्यावर असतानाच. आणि तुम्ही मनातून हो म्हणाला होतात! कमलला म्हणाला होतात, "पोरगा चांगला हाये. पण मी कशी विचारू तिले? तिले वाटन, सासू घरातून काढून राह्यली. हे पुस्तक संपू दे. त्यातल्या बाईची बी अशीच गत हाये. शेवट आईकून शोभा काय म्हणते ते पाह्यतो, अन् मंग बोलतो."

पुस्तक संपू दे! अरे देवा, ज्या घरात देव ठेवत नाहीत त्या घरात मी हे म्हणते आहे, यावरून समजा माझी काय अवस्था झाली असेल! तुम्ही माझ्या तोंडून उत्तर यायची वाट पाहत होता, आणि मी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून खोटं वाचत होते. तुम्ही माझं रडणं पाहिलंत आणि ठरवलंत, हिचं मन माझ्या लेकातच आहे. आणि विलासला पुस्तकाचा शेवट सांगून तेच उत्तर दिलंत. त्यानं ते निमूट घेतलं.

थोडं भांडू का तुमच्याशी? तुम्ही मला सरळ का नाही विचारलं? बाजारात वांग्याच्या भावावरून तुम्ही दुकानदाराला घाम फोडायच्या. जिजाबाईला तोंडावर सांगायच्या की तुझी सून कामचुकार आहे. आणि आपल्या सुनेला एक प्रश्न विचारायला तुम्हाला चारशे पानांचं पुस्तक मधे लागलं? "शोभे, विलास कसा वाटतो व तुले?" सात शब्दसुद्धा नाहीत! मी लाजले असते, नाही नाही म्हटलं असतं, पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं.

पण हे भांडण मी कोणत्या तोंडानं करू? बोलायची संधी मलाही रोज होतीच की.

दुसरी गोष्ट मात्र मला सहन होत नाही. पुढच्या उन्हाळ्यात कमल माहेरी आली होती, तेव्हा तुम्ही तिला तेच बिनपुठ्ठ्याचं पुस्तक वाचनालयातून आणायला लावलंत. लढाईचा भाग पुन्हा ऐकायचा म्हणून. मी अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला बुलढाण्याला होते. कमल वाचत गेली आणि तुम्ही थांबवलं नाही म्हणून शेवटापर्यंत गेली. नदीचा उतार आला, घोडा आला, मुलगी झाली. कमल म्हणते, "आई तवा देठ मोडता मोडता थांबली." मग तिला म्हणालात, "शोभाले सांगू नको. तिले लाज वाटन. अन् आता सांगून काय होते? विलासचं लग्न झालं."

तेवीस वर्षं, आत्याबाई! तेवीस वर्षं तुम्हाला माहीत होतं. मी तुमच्यासमोर बसून पुढे कितीतरी पुस्तकं वाचली. तुम्ही तशाच हुंकार देत राहिलात. कधी विचारलं नाही की बाई, हे खरं वाचते आहेस का बनवते आहेस? पण तुम्ही नंतर प्रेमाच्या गोष्टी मागायचं सोडलं होतं. "लढाईचं आण, नाईतं चोराचं आण," म्हणायच्या. मी समजले, वयानं आवड बदलली.

आणि विलास रस्त्यात भेटला की तुम्ही त्याच्याशी दोनच शब्द बोलायच्या आणि पुढे चालायला लागायच्या. मला वाटायचं, म्हातारी तुटक झाली. तुम्हाला त्याच्याकडे बघवत नव्हतं, हे आता समजतं.

तुमचे शेवटचे दिवस आठवतात आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं वाटतं. तुम्ही खाटेवर होतात, मी पाय चेपत होते. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "शोभे, थ्या मैनेच्या पोरीचं नाव काय ठेवलं होतं व?"

माझे हात जागच्या जागी थांबले. माझ्या गोष्टीत मैनेला मुलगी नव्हती! मुलगी खऱ्या पुस्तकात होती. मला त्याच क्षणी कळलं की तुम्हाला कळलेलं आहे. कसं, कधी, कोणाकडून, ते नाही कळलं, पण कळलेलं आहे एवढं कळलं. आणि तुम्ही किती मायेनं विचारत होता! दार उघडून देत होता मला. बोल, आता तरी बोल, मी काही तुला रागावणार नाही.

आणि मी काय म्हणाले? "कोणती मैना? तिले कुठी होती पोरगी, आत्याबाई?"

तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. "हाव. नसंन," म्हणालात, आणि कूस वळवलीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

गोदा. तिचं नाव गोदा होतं. चोवीस वर्षांत मी ते एक दिवस विसरले नाही.

मला त्या मैनेचा हेवा वाटतो आता. तिला सहा वर्षांनी का होईना, दुसऱ्यांदा संसार मिळाला, कारण तिच्या वेळेला मधे कोणी वाचणारी नव्हती. मला दोनदा संधी आली. एकदा प्रेमाची, एकदा तुमच्याशी खरं बोलायची. दोन्ही वेळेला मी तेच केलं. तुम्ही म्हणाल, जाऊ दे व, तुझा निखिल मोठा झाला, नोकरीला लागला, तुझी अंगणवाडी आहे. हो, आहे. मी काही भुकेनं मेले नाही की कोणी मला छळलं नाही. पण पंचविशी ते पन्नाशी, आत्याबाई! किती दुपारी होत्या त्या! माठातलं पाणी मला स्वतःच ओतून घ्यावं लागलं. तुमच्यासमोर हे म्हणायला मला तुम्ही मरायची वाट बघावी लागली, याची लाज वाटते.

विलास पुण्यानुमोदनाला आला होता, सुनीताला घेऊन. त्यानं पाण्याचे ड्रम उतरवून दिले, केस पांढरे झालेत. सुनीता तुमच्यासाठी मनापासून रडली. ती चांगली बाई आहे. वंदना झाल्यावर निखिल माइकवर उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या आईनं सव्वीस वर्षं माझ्या वडिलांच्या आठवणीवर काढली. दुसरा विचार मनात आणला नाही. आजीनं तिला लेकीसारखं सांभाळलं." सगळ्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. विलासनं पण जोडले! मी पांढऱ्या साडीचा पदर तोंडावर घेतला. लोकांना वाटलं, सासूच्या आठवणीनं रडते.

आणि तिथेच प्रज्ञाचा विषय निघाला.

तुमची प्रज्ञा, अठ्ठावीस वर्षांची पोर. मोटरसायकलच्या अपघातात नवरा गेला त्याला दोन वर्षं झाली. पदरात पाच वर्षांची मुलगी. दवाखान्यात नर्स म्हणून उभी राहिली, कुणापुढे हात पसरला नाही. तिच्यासोबत काम करणाऱ्या राहुलनं तिला मागणी घातली आहे, मुलीसकट. कमलला पसंत आहे. पण बाकीचे काय म्हणतात? "मामीकडे पाह्य! तुह्याच घरात उदाहरण हाये. कशी राह्यली ती!" आपला निखिलच सगळ्यात पुढे. आणि प्रज्ञा मान खाली घालून मुलीची वेणी घालत होती. घालता घालता म्हणाली, "मी मामीसारखीच राहीन."

सगळे म्हणाले, शाबास. आत्याबाई, तो आवाज मी ओळखला. न अडखळता, पुस्तकातल्यासारखा सरळ. मी तसाच वाचला होता शेवट!

रविवारी त्यावर शिक्कामोर्तब होणार. राहुलला नाही म्हणून कळवणार.

काल मी प्रज्ञाला फोन लावला. चार वेळा लावला आणि कापला, पाचव्यांदा लागू दिला. प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "प्रज्ञा, गौतममामा गेल्यावर मले दुसरं लग्न करायचं होतं. माणूस बी होता. मी भीतीनं बोलली नाई. कोणाच्या आठवणीवर नाई राह्यली मी. नुसती गप राह्यली."

पलीकडून हुंदका आला. मग ती रडायलाच लागली.

तुम्ही असता तर म्हणाला असता, नवऱ्याच्या आठवणीनं रडते पोरगी, राहू द्या तिला. मीही तेच समजले असते. माझ्या रडण्याचा सव्वीस वर्षं ज्यानं त्यानं वाटेल तो अर्थ लावला. म्हणून या वेळी मी अर्थ लावला नाही. मी विचारलं. "काऊन रडून राह्यली ते सांग मले. तुह्या तोंडानं सांग."

रडता रडता ती म्हणाली, "मामी, मले राहुलसंग लग्न करायचं हाये. पण तुम्ही नाई केलं, मंग मी कोणत्या तोंडानं बोलू?"

ऐकलंत, आत्याबाई? माझं एक दुपारचं खोटं केवढं लांब चालत गेलं! तुमच्या नातीच्या दारापर्यंत गेलं आणि ते लावून घ्यायला निघालं होतं.

तर हे माझं वचन. रविवारी सगळे बसले की चहा यायच्या आधी मी बोलणार आहे. निखिलच्या समोर, कमलच्या समोर, माझ्यापुढे हात जोडणाऱ्या सगळ्यांच्या समोर. विलासचं नाव घेणार नाही. सुनीतानं माझं काही वाईट केलं नाही, आणि त्याचं उत्तर तर तो चोवीस वर्षांपूर्वीच घेऊन गेला. पण मला लग्न करायचं होतं, एवढं मी माझ्या तोंडानं सांगणार. निखिलला राग येईल. आईचं काहीतरी हरवल्यासारखं वाटेल त्याला. चार दिवस बोलणार नाही माझ्याशी. न बोलू दे. लोक माझ्याबद्दल काय म्हणतील ते म्हणू देत. राहुलला होच कळवायचं, आणि ते प्रज्ञानं स्वतः कळवायचं, हे मी तिथून उठायच्या आधी ठरवून घेणार.

तुम्हाला सांगायला मला उशीर झाला, आत्याबाई. तिला मी उशीर होऊ देणार नाही.

तुमची,
शोभा